पासबुकातलं ‘जमा’ आणि बाबांचे दोन लाख

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी नागपूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मानेवाड्याला राहतो, बाबांची तर्री-पोह्याची गाडी आहे. यंदा बँकिंगची मूलतत्त्वं हा विषय आहे. व्याख्या सगळ्या पाठ आहेत. पण तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, ‘‘रोख आली की आपण रोख खातं नावे टाकतो, म्हणजे डेबिट. मग तू बँकेत पैसे भरलेस की पासबुकात ते क्रेडिट कसे?’’ मी गप्प. घरी आले तर बाबा म्हणाले, ‘‘बी.कॉम. करून राहिली न तू? मग सांग, दोन लाख जमले, बँकेत एफडी करू का पतसंस्थेत? पतसंस्था साडेनऊ टक्के देऊन राहिली, बँक साडेसहाच.’’ तिथंही मी गप्प. पाठ सगळं आहे, कळलं काहीच नाही असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

ता.क. वर्गातल्या एका मैत्रिणीने तिचं बँक खातं एका मुलाला वापरायला दिलंय. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, सगळं. महिन्याचे पाच हजार मिळतात म्हणते. मलाही विचारून राहिली. यात काही धोका आहे का?

— गप्प राहिलेली, नागपूर

उत्तर

बेटा,

ताजा कलम तू शेवटी लिहिलंस, मी तिथूनच सुरू करतो. बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

तुझ्या मैत्रिणीने स्वतःचं नाव भाड्याने दिलं आहे. कोणाला तरी फोनवर गंडवून काढलेला पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरवतात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून काढून घेतात. मधल्या अशा खात्याला पोलीस आणि बँकवाले ‘म्यूल खातं’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. माल दुसऱ्याचा, पाठ याची. धाड पडली की सापडतं ते खेचरच, कारण केवायसी, म्हणजे बँकेने तपासलेली ओळख, त्याची, सही त्याची, आधार आणि पॅन त्याचं. खातं गोठतं, सायबर पोलिसांचं बोलावणं येतं, आणि मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा, २००२ पर्यंतही प्रकरण जाऊ शकतं.

तिला सांग, आजच बँकेला फोन करून कार्ड बंद कर. फोन नंबर पासबुकावर छापलेला घ्यायचा, इंटरनेटवर शोधून मिळेल त्या नंबरावर फोन करायचा नाही. मग शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा की खात्याला जोडलेलं सिम आणि कार्ड माझ्या ताब्यात नाही, व्यवहार थांबवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. सिम तिच्याच नावावर असेल तर तेही बंद करायचं. खात्यात अनोळखी रक्कम पडलेली असेल तर ‘परत करते’ म्हणून ती कोणालाही पाठवायची नाही, बँकेला दाखवायची. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. घरी सांगायला ती घाबरत असेल, तू सोबत जा. आणि तुला विचारलंय त्याचं उत्तर तुला आता कळलंच असेल.

हे इतकं गंभीर का आहे, याची मुळं १८८१ च्या एका कायद्यात आहेत आणि तो कायदा तुझ्या परीक्षेतही येतो. तिकडे नंतर वळू.

आता मॅडमचा प्रश्न. तो ज्याला सुटला त्याला अर्धं बँकिंग सुटलं असं मी मानतो. मी तीसेक वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली काही वर्षं पितळी टोकन आणि जाडजूड लेजरांच्या, म्हणजे खातेवह्यांच्या, काळातली. नवीन क्लार्क आला की आमचे हेड कॅशियर त्याला विचारायचे, ‘‘हे लेजर कोणाचं?’’ पोरगं म्हणायचं, ‘‘गिऱ्हाइकाचं.’’ झालं, तिथंच त्याची दांडी गुल. लेजर बँकेचं. गिऱ्हाइकाचं त्यात फक्त एक पान.

तुझं पासबुक म्हणजे त्या पानाची नक्कल. वही बँकेची, म्हणून नजरही बँकेची. जुन्या कीर्द-खतावणीचा नियम आठव: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, म्हणजे क्रेडिट. तू काउंटरवर १,००० रुपये दिलेस. बँकेच्या वहीत रोख आली, म्हणून रोख खातं नावे. दिले कोणी? तू दिलेस, म्हणून तुझं खातं जमा. मॅडम ज्या ‘रोख नावे’बद्दल बोलत होत्या ती नोंद बँकेतही होतेच, फक्त तुझ्या पासबुकात ती दिसत नाही. तिची दुसरी बाजू तेवढी तुला दिसते. आणि बाबांनी स्वतःची वही ठेवली तर त्यात उलटं होईल: पैसे घेणारी बँक, म्हणून बँक खातं नावे. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन्ही बरोबर. बँक जुळवणी पत्रक नावाचा जो प्रकार तुम्हाला दहा गुणांना येतो, तो या दोन वह्यांना समोरासमोर बसवण्याचाच खेळ आहे.

पण ‘जमा’ या शब्दात खरी गोम वेगळी आहे. व्यापाऱ्याच्या वहीत ज्याचं नाव जमेला, त्याचं आपण देणं लागतो. म्हणजे बँक स्वतःच्या वहीत लिहून ठेवते आहे की मी या मुलीची देणेकरी आहे. आपण बोलताना म्हणतो, ‘पैसे बँकेत ठेवले’, जसे डब्यात लाडू ठेवले. ‘ठेव’ या शब्दानेच घोटाळा केला आहे. डब्यातले लाडू आपलेच राहतात. बँकेला दिलेल्या नोटा मात्र त्या क्षणी बँकेच्या होतात आणि तुझ्या हातात उरतो तो तेवढी रक्कम परत मागण्याचा हक्क. तू बँकेला कर्ज दिलं आहेस. तू धनको, बँक ऋणको. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात हेच सांगितलं, आणि बँक-ग्राहक नात्यावरचं प्रत्येक पाठ्यपुस्तक आजही तिथूनच सुरू होतं.

हे नातं एकदा डोक्यात बसलं की बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधली कलम ५(ब)ची व्याख्या पाठ करावी लागत नाही. कर्जाऊ देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी, लोकांकडून, मागताक्षणी किंवा इतर रीतीने परत करायच्या आणि धनादेश, ड्राफ्ट वगैरेंनी काढता येतील अशा ठेवी स्वीकारणं म्हणजे बँकिंग. यातला एकेक तुकडा उचलून बघ. ‘कर्जाऊ देण्यासाठी’: बँक तुझा पैसा सांभाळायला घेतच नाही, वापरायला घेते. ‘लोकांकडून’: फक्त सभासदांकडून नव्हे. हा शब्द लक्षात ठेव, बाबांच्या प्रश्नात तो लागणार आहे.

साधा ऋणको आणि बँक यांत एक गमतीचा फरक आहे, परीक्षेत विचारतात. उसने घेतलेले पैसे परत करायला साध्या ऋणकोने आपणहून जायचं असतं. बँक आपणहून येत नाही, तिच्याकडे मागावं लागतं. म्हणून कित्येक म्हाताऱ्यांची खाती विसरली जातात. १० वर्षं कोणी हातच लावला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. तरी हक्क बुडत नाही, वारस कागद घेऊन आले की बँक पैसे देते.

आणि हे नातं फिरतंही. चालू खात्यात शिलकीपेक्षा जास्त काढायची सवलत मिळाली, ज्याला तुमची पुस्तकं ‘अधिकर्ष’ म्हणतात आणि अख्खा इतवारी बाजार ‘ओडी’ म्हणतो, की गिऱ्हाईक ऋणको आणि बँक धनको. चेक वसुलीला दिलास की बँक तुझी प्रतिनिधी. लॉकर घेतलास तर बँक जागा भाड्याने देणारी. आतले दागिने तुझेच, बँकेला ते काय आहेत हेही माहीत नसतं. डब्यातल्या लाडवांची उपमा चालेल ती फक्त इथे. आग, चोरी किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची लबाडी यांत लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटींइतकी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. वर्षाचं भाडं ३,००० असेल तर तीन लाख. आत तीस तोळे असले तरी तीन लाखच.

आता बाबांकडे वळू.

तू बँकेला कर्ज देतेस हे मान्य केलं की कर्ज देणाऱ्याने जे विचारायचं ते सगळं तू विचारायला हवंस. हा माझ्या पैशाचं काय करणार? मागितले तर देऊ शकेल का? बुडाला तर माझं काय? शेजाऱ्याला पाच हजार उसने देताना बाबा हे सगळं मनात विचारतातच. दोन लाख देताना व्याजाची पाटी बघून विसरतात.

व्याजाचं गणित आधी मांड. दोन लाखांवर साडेनऊ आणि साडेसहा यांतला फरक वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. बाबांना हा आकडा सांग. ‘तीन टक्के जास्त’ ऐकायला मोठं वाटतं. (जाता जाता, बँका एफडीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात, म्हणून ७ टक्क्यांच्या पाटीवर वर्षाअखेर हातात ७.१९ टक्के पडतात. पतसंस्थेचा दर सरळव्याजाचा आहे का तेही विचारायचं.)

मग दुसरी बाजू बघ. साडेनऊने पैसा घेणाऱ्याला तो बारा-तेराच्या खाली देताच येत नाही. पगार, भाडं, बुडीत कर्ज, सगळं मधल्या फरकातूनच निघायचं असतं. आता त्या दराने कर्ज घ्यायला कोण येईल? बऱ्याचदा तोच येतो ज्याला बँकेने दारातून परत पाठवलं. जास्त व्याज हे फुकटचं नसतं, ते जोखमीचं भाडं असतं. पतसंस्था म्हणजे लबाडी असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या फळवाल्याला बँकेत कोणी खुर्ची दिली नाही त्याला पतसंस्थेने उभं केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली, सभासदांकडून ठेवी घेणारी संस्था. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो आणि परवान्याशिवाय नावात ‘बँक’ हा शब्दही लावता येत नाही. आठवतो ना तो ‘लोकांकडून’?

बाबांसाठी याहून मोठा फरक विम्याचा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा आणि पत हमी महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाखाची होती, आणि १९६२ मध्ये विमा सुरू झाला तेव्हा फक्त १,५०० रुपयांची. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावं लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून पैसे काढायला बंदी घातली तर ९० दिवसांत ही रक्कम मिळायची तरतूद झाली. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती, सगळ्या बँका यात येतात. पतसंस्था येत नाही. आणि एकाच बँकेच्या पाच शाखांत ठेवी विभागल्या म्हणून पंचवीस लाखांचा विमा होत नाही. शाखा कितीही असोत, बँक एकच धरतात. हा प्रश्न मी मुलाखतीत बऱ्याच पोरांना विचारला आहे, दहातले सात पडायचे.

माझं मत विचारशील तर: ज्या पैशावर गाडी चालते, आजारपण निघतं, तुझी फी भरली जाते, तो पैसा विम्याबाहेर न्यायचा नाही. दोन लाख बँकेतच, पण एकच एफडी न करता पन्नास-पन्नास हजारांच्या चार, वेगवेगळ्या मुदतींच्या. अडचण आली तर एक मोडेल, तीन शाबूत राहतील. किंवा एफडीवर कर्ज काढता येतं. नामनिर्देशन न विसरता करायचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. नॉमिनी मालक होत नसतो, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो, हेही घरी नीट सांग. यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झालेला पाहिला आहे.

तरीही बाबांचा जीव पतसंस्थेत अडकला असेल तर तू बी.कॉम.वाली म्हणून जा आणि वार्षिक अहवाल माग. सभासदाला तो मिळतो. लेखापरीक्षणाचा वर्ग बघ, ‘अ’ आहे का. मग थकीत कर्जं किती, ते बघ. बँकांत हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए. शेतीकर्जाला वेगळं माप आहे: सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की मगच एनपीए. पिकाचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होतं. अहवाल दाखवायला खळखळ झाली तर चहा पिऊन घरी ये.

आता ‘मागितले तर देऊ शकेल का’ हा प्रश्न. इथे सीआरआर आणि एसएलआर येतात, ज्यांची पोरांनी नुसती पूर्ण रूपं पाठ केलेली असतात. सीताबर्डीहून कस्तुरचंद पार्ककडे जाताना संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत लागते, तिथून तू शंभरदा गेली असशील. तिथे तुझं किंवा बाबांचं खातं निघत नाही. रिझर्व्ह बँकेत खाती असतात ती बँकांची आणि सरकारची. प्रत्येक बँकेने आपल्या ठेवींचा ठरलेला हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा, ते रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर. २०२५ च्या अखेरीस ते ३ टक्क्यांवर आलं, आणि त्यावर बँकेला व्याज मिळत नाही. आणखी १८ टक्के सोनं, रोख किंवा सरकारी रोख्यांत स्वतःकडे ठेवायचे, ते वैधानिक तरलता प्रमाण, म्हणजे एसएलआर. म्हणजे तुझ्या शंभरातले २१ रुपये बांधलेले आणि ७९ कर्ज द्यायला मोकळे. हे दर बदलत असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघून जा, गाइडावर विसंबू नकोस.

मग उरलेले ७९ लोकांनी एकदम मागितले तर? तर नसतात, बाप्पा. कोणत्याच बँकेकडे नसतात. बचतखात्यातला पैसा कोणीही उद्या मागू शकतो आणि बँकेने तो वीस वर्षांच्या घरकर्जात दिलेला असतो. बँकेचा सगळा धंदाच या भरवशावर उभा आहे की सगळे एकाच सकाळी येणार नाहीत. गाडीवर कसं, बाबा शंभर गिऱ्हाइकांचे पोहे भिजवतात, कारण अख्खं मानेवाडा एकाच वेळी येत नाही. अफवा उठली आणि आलंच, तर चांगली बँकही अडचणीत येते. म्हणून हा राखीव पैसा आहे, विमा आहे, आणि बँकेला अडीअडचणीला पैसा देणारी रिझर्व्ह बँक आहे. ती ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचा पैसा देते तो रेपो दर. पतनिर्मितीचं प्रकरण तू पुस्तकातून कर, तिथे ते बरं लिहिलेलं असतं. एवढंच ध्यानात ठेव की कर्ज देताना बँक नोटांची पोतडी हातात देत नाही, कर्जदाराच्या खात्यात आकडा जमा करते. म्हणजे कर्जातून पुन्हा ठेव तयार होते.

चेकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः खड्ड्यात पडलो होतो.

बँक तुझी देणेकरी असेल तर चेक म्हणजे काय? देणेकऱ्याला दिलेला लेखी हुकूम: तुझ्याकडे माझं जे येणं आहे त्यातून यांना इतके दे. हुकूम काढणारा आदेशक, ज्याला हुकूम सोडला तो आदेशिती, म्हणजे बँक, आणि ज्याला पैसे मिळायचे तो आदाता. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ६ मध्ये हेच आहे. ‘परक्राम्य संलेख’ हा शब्द कोणी शोधला त्याला माझा दुरून नमस्कार. हातोहात बदली होऊ शकणारा कागद, एवढाच अर्थ.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन लग्नसराईत, काउंटरवर झुंबड उडालेली असताना माझ्याकडे एक चेक आला. मी सही पाहिली, शिल्लक पाहिली, तारीख पाहिली आणि पास करून टाकला. टोकन पुकारलं गेलं, रोख गेली. संध्याकाळी व्हाउचरं लावताना अधिकाऱ्याने तो चेक माझ्यासमोर धरला. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेषा, अगदी फिकट शाईत. रेखांकित चेक. त्याचे पैसे बँकेमार्फतच, खात्यातच जायला हवे होते. रोख दिली आणि खरा मालक दुसराच निघाला, तर बँक स्वतःच्या खिशातून भरते, हे त्याच कायद्याचं कलम १२९. नशिबाने माणूस खरा निघाला. पण खरा आहे हे कळेपर्यंतचे दोन दिवस मी जेवलो नाही. रेखांकनाची ‘टीप लिहा’ मी त्या आधी तीनदा लिहून गुण मिळवले होते.

घरी बाबांचं चेकबुक असेल तर एक पान समोर घे. खालच्या पांढऱ्या पट्टीवर आधी सहा आकडी चेक क्रमांक. मग नऊ आकड्यांचा एमआयसीआर, म्हणजे यंत्राने वाचायचा कोड: पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. नागपूरचे पहिले तीन ४४०, आपल्या पिनकोडसारखेच. आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी, हे कलम १८. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परतच पाठवते. कायदा आणि काउंटर यांतला हा फरक उत्तरात लिहिलास तर तपासणारा खूश होतो. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, १ एप्रिल २०१२ पासून. पूर्वी सहा होती, आणि जुनी गाइडं अजून सहाच छापतात. पूर्वी चेकच्या थैल्या क्लिअरिंगला, म्हणजे बँकांच्या आपसातल्या वसुलीला, जायच्या, आता फक्त चित्र जातं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसभर सलग क्लिअरिंग चालतं. ‘आज चेक देतो, परवापर्यंत खात्यात भरतो’ हा हिशेब आता संपला. शिल्लक नसल्याने चेक परत आला तर कलम १३८: परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता सुरुवातीला म्हटलेलं १८८१ चं ते मूळ. समज, कोणाचा तरी रेखांकित चेक चोरून एका लबाडाने स्वतःच्या खात्यात भरला आणि त्याच्या बँकेने तो वसूल करून दिला. खरा मालक त्या बँकेला पकडतो. कलम १३१ म्हणतं, बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता वसुली केली असेल तर तिला संरक्षण आहे. मग निष्काळजीपणा कशाला म्हणायचं? कोर्टांनी बघितलं ते आधी हेच की खातं उघडताना हा माणूस कोण आहे याची खातरजमा केली होती का. म्हणूनच आमच्या काळी खातं उघडायला ओळखदार लागायचा. जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची, ‘मी यांना ओळखतो’. मोहल्ल्यातले मास्तर, डॉक्टर, किराणावाले या सह्यांना कंटाळून जायचे. तीच ओळख पुढे केवायसी झाली. म्हणजे बँक जे म्हणते की हे खातं या मुलीचं आहे, ते तिच्या कागदांच्या जोरावर म्हणते, आणि त्या म्हणण्यावर अनोळखी माणसं विश्वास ठेवून पैसे पाठवतात.

आता तुझ्या मैत्रिणीचं पान बघ. गंडवलेल्या म्हाताऱ्याचे दोन लाख तिच्या खात्यात आले. बँकेच्या वहीत काय लिहिलं गेलं? तिचं खातं जमा. म्हणजे बँक तिची देणेकरी, पैसा मागायचा हक्क तिचा. आणि काढून नेले तेव्हा? तिचं खातं नावे. घेणाऱ्याच्या नावे. त्या मुलाचं नाव वहीत कुठंच नाही. तिला महिन्याला मिळतात ते पाच हजार याच रिकाम्या जागेचे आहेत.

मॅडमना जाऊन भेट आणि पासबुकाचं उत्तर दे, त्यांना राग येणार नाही. बाबांना म्हणावं, गाडीच्या गल्ल्याची एक साधी वही घाल, त्यात क्यूआरवर आलेल्या पैशांसाठी ‘बँक खातं’ म्हणून वेगळं पान ठेव, आणि महिन्याअखेर ते पान पासबुकाशी तू लाव. पहिल्या महिन्यात जुळणार नाही. एखादं एसएमएस शुल्क, एखादं व्याज, कुठे वहीत लिहायचीच राहून गेलेली रक्कम निघेल. ती शोधताना अडलीस तर पुन्हा लिही, पण दोन्ही पानांचा फोटो सोबत पाठव, खाते क्रमांक बोटाने झाकून.